निळ्या वहीतली आठ गिऱ्हाइकं

मंडळी, ऐका! आज मी चिडलेली आहे, ते आधीच सांगून ठेवते. पेटीवर आपले बाबूअण्णा आहेत, त्यांनी सूर थोडा खालचाच धरलाय. त्यांना माहीत आहे, ही बाई चिडली की आवाज आपोआप वर चढतो!

कोणावर चिडले? ती बघा. बायकांमध्ये, तिसऱ्या रांगेत, पिवळी ओढणी. मान खाली. ती माझी नात, वृषाली. अकरा दिवस झाले — अकरा! — ही पोरगी एक कागद घेऊन फिरतेय. कागदाच्या मधोमध रेघ. एका बाजूला 'फायदे', दुसऱ्या बाजूला 'तोटे'. जेवायला बसली की ताटाशेजारी कागद. झोपली की उशीखाली कागद. परवा चहात बिस्कीट बुडवायचं, तर कागदाचा कोपरा बुडवला! मी म्हटलं, "अगं, नोकरीचं ठरवतेस का पंचांग करतेस?" तर म्हणते, "आजी, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!" असू दे की. पण एवढा आयुष्याचा प्रश्न, आणि त्यातली मुख्य गोष्ट कागदावर नाहीच! ती कुठली, ते सांगायलाच आज उभी राहिले.

तर आजचं आख्यान पुराणातलं नाही. माझ्या घरातलं आहे. आणि त्याच्या आधी तुम्हाला एक विचारते, उत्तर मनात ठेवा — ज्याला 'नाही' म्हणायची सोयच ठेवली नाही, त्याचा 'हो' हा हो असतो का?

कोण उठलं मागं? पाचची एसटी? जा बाबा, जा! बुक्का लावून जा. मी रागवत नाही. उठणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. का, ते पुढं कळेल.

हं. तर नोकरी कसली? तीन महिने शिकाऊ म्हणून केली, आता कायमची देतायत. सॉफ्टवेअर विकायची. बनवायची नाही हं! बनवणारे वेगळे. ही फक्त विकणार, तेही फोनवर. कसलं सॉफ्टवेअर? मंगल कार्यालयं असतात, देवळांचे हॉल असतात, त्यांच्या तारखा सांभाळणारं. कुठली तारीख मोकळी, कुठली दिलेली, आचाऱ्याला निरोप, मांडववाल्याला निरोप — सगळं मोबाईलमध्ये. मी चौथी शिकलेली बाई. मी म्हटलं, "म्हणजे हातात धरता येत नाही, वजन नाही, वास नाही, आणि तरी विकायचं? अगं, हे तर माझंच काम झालं! मी चाळीस वर्षं देव विकते—" नाही नाही, देव नव्हे! देवाचं नाव... तेही विकत नाही मी... अण्णा, हसू नका, सूर धरा!

मग मी तो कागद मागितला. चष्मा लावला. अक्षर लावायला मला वेळ लागतो, पण लावते.

फायदे. पहिला — इंजिनिअर असावं लागत नाही, बी.कॉम. चालतं. ठीक. दुसरा — पगार ठरलेला, आणि जास्त विकलं तर वर कमिशन. चांगलंच की! तिसरा — दीड वर्षात बढती. होवो बाई. चौथा — बोलायला शिकायला मिळतं. हिला! बोलायला! मंडळी, ही पोरगी पाळण्यात होती तेव्हा शेजारचे विचारत, रेडिओ लावलाय का?

आता तोटे. रोज साठ फोन करायचे. साठातले पन्नास जण वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवतात. काही जण वाईट बोलतात. महिन्याचं टार्गेट असतं, आणि एक तारखेला सगळं परत शून्य. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात — 'कोणी विचारलं काय करतेस, तर सांगायला कसंतरी वाटतं.'

मी कपाळावर हात मारला! अगं, याला तोटे म्हणतात? याला काम म्हणतात! परत शून्य? मी आज इथं रंगले, तुम्ही डोलला, माना हलवल्या. उद्या दुसऱ्या गावात ते कोण मोजतंय? तिथं पहिल्या ओवीपासून सुरुवात! लोक हाकलतात? मी सव्वीस वर्षांची होते. सोळा गावं पायी आणि एसटीनं फिरले. देवळाच्या पायरीवर पंच बसलेले. "बाईचं कीर्तन? आमच्याकडं चालत नाही." एक जण तर म्हणाला, "घरी भाकरी थापायला कोणी नाही का?" मी म्हटलं, "आहे की! तुमचं हे कीर्तन ऐकायला कोणी नाही, म्हणून आले!" त्या गावानं नाही बोलावलं. पुढच्यानं बोलावलं. विकायला दारात उभं राहणं यात लाजायचं काय आहे? मी उभी राहिले नसते, तर आज ही नात बी.कॉम. झाली असती का?

तर इथपर्यंत मी हिच्याच बाजूची होते. अगदी होते! मग आला मारुतरावांचा फोन.

मारुतराव गोंजारी. ते काय, खांबाला टेकलेत, टोपी सारखी करतायत. मारुतराव, खाली बघू नका, तुमची चूक नाही यात. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, यांचं छोटं मंगल कार्यालय आहे. वर्षाला अकरा लग्नं, फार तर बारा. वीस वर्षं दर चैत्रात माझं कीर्तन ठेवतात. तर परवा यांचा फोन.

"माई, ते मोबाईलमधलं तारखांचं उघडत नाही बघा. वृषालीला सांगाल का जरा?"

"कसलं तारखांचं?"

"अहो, तिनं दिलं नाही का? घेतलं की आम्ही वर्षभराचं."

"मारुतराव, अकरा तारखा तुमच्या तोंडपाठ असतात! तुम्हाला ते कशाला लागतं?"

"लागत नाही तसं."

"मग घेतलंत का?"

हळूच म्हणतात, "माई, पोरीनं पहिल्या वाक्यातच सांगितलं, मी अनसामाईंची नात. मग नाही कसं म्हणायचं हो?"

मंडळी, देवाच्या दारात उभी आहे, खोटं बोलत नाही. पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या! म्हटलं, वा अनसाबाई, तुझं नाव अजून एवढं चालतं! फोन ठेवला. पाणी प्यायले. आणि मग मारुतरावांचं ते 'लागत नाही तसं' परत आठवलं.

माझी एक निळी वही आहे. चाळीस वर्षांची. कुठल्या गावात कुठल्या तिथीला कीर्तन, कोणी बोलावलं, कोणाच्या घरी उतरले, फोन नंबर, आणि कोणाच्या घरात कोण आजारी आहे तेही, म्हणजे गेल्यावर विचारायला बरं. ती वही काढली. आणि बघते तर काय — नावांपुढं पेन्सिलीच्या खुणा! नाजूक, बारीक, बरोबरच्या खुणा. शाळेतल्या बाई वहीत करतात तशा!

हाक मारली. "वृषे! इकडं ये!"

आली. वही बघितली. तोंड उतरलं. पण ही माझीच नात, गप्प कशी बसेल?

"आजी, ऑफिसातल्या सरांनी सांगितलं, ओळखीच्यांपासून सुरुवात करा. सगळेच करतात. त्याला वॉर्म लीड म्हणतात."

"वार्म म्हणजे?"

"म्हणजे... गरम. आधीच तयार असलेली माणसं."

"गरम? आणि गरम केली कोणी गं? चाळीस वर्षं फुंकर घालत बसले मी!"

"मी खोटं बोलले का? मी तुझी नात नाही का?"

"आहेस."

"सॉफ्टवेअर वाईट आहे का?"

"मला काय माहीत! चांगलंच असेल."

"मग चुकलं कुठं, ते सांग ना!"

मंडळी, आता तुम्ही सांगा. चुकलं कुठं? खोटं बोलली नाही. माल चांगला. कोणावर जबरदस्ती नाही. त्या काका, मान हलवताय, सांगा की! ...येत नाही ना सांगता? मलाही लगेच आलं नाही. मला माझंच एक पाप आठवावं लागलं.

त्याच सोळा गावांच्या वर्षातली गोष्ट. एका गावाला मी निरोप धाडला — 'बुवांची शिष्या येतेय.' आमचे गुरू, सगळा मुलूख त्यांना बुवा म्हणायचा. निरोप खराच होता, मी त्यांचीच शिष्या! गावानं मांडव घातला. दोन तास कीर्तन केलं. एक माणूस उठला नाही! एक लेकरू रडलं, तर आईनं त्याच्या तोंडावर पदर धरला. मी हवेत! म्हटलं, जिंकलं गाव! पुढच्या वर्षी त्यांच्या पत्राची वाट बघितली. पत्र नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही. मग एकदा त्या गावची सरपंचीण बाजारात भेटली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय सांगू ताई, कंटाळा आला होता हो तुमच्या कीर्तनाला. पण बुवांचं नाव होतं. उठायचं कसं?"

उठायचं कसं!

भाजी तिथंच ठेवून मी घरी आले. ते लोक बसले नव्हते, मंडळी. त्यांना बांधून ठेवलं होतं मी, बुवांच्या नावाच्या दोरीनं! त्या दिवसापासून मी मांडवाचं दार कधी लावू देत नाही. मघाशी तो बाबा एसटीला गेला ना? तो गेला म्हणून तुम्ही बसलात त्याला किंमत आहे.

आणि आपल्या भाषेत बघा, 'गिऱ्हाईक' या एका शब्दाला दोन तोंडं आहेत. दुकानात येतं तेही गिऱ्हाईक. आणि चारचौघांत एखाद्याला बनवलं की आपण म्हणतो, त्याचं गिऱ्हाईक केलं! शब्द एकच. फरक कुठं? तर पहिल्याला दुकानाची पायरी उतरून जाता येतं. बस्स, एवढाच फरक. हिनं मारुतरावांना पायरी ठेवलीच नाही. पायरीवर मला बसवलं!

मी विचारलं, "तीन महिन्यांच्या शिकाऊ नोकरीत विकलीस किती?"

"नऊ. आजी, आमच्या बॅचमध्ये पहिली आले मी. म्हणून तर कायमची नोकरी देतायत."

"काढ ती नावं."

तिनं मोबाईल धरला, मी वही धरली. एकेक नाव लावलं. गोंजारी, वहीत आहेत. दुसरे, वहीत. तिसरे... आठ झाले, आठही माझ्या वहीतले! नववं नाव आलं — हणमंत सुतार, पलूस.

"हे कोण गं? यांना मी ओळखत नाही."

आणि मंडळी, हिचा चेहरा बघायला हवा होता! अकरा दिवस सुकलेलं तोंड, एकदम उजळलं!

"ते ना? ते माझे आहेत आजी! पहिल्यांदा फोन केला तर म्हणाले, वेळ नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, परत फोन केलास तर नंबर बंद करून टाकीन. तिसऱ्यांदा नुसतं ठेवून दिलं. चौथ्यांदा मी एवढंच विचारलं, काका, एका तारखेला दोन लग्नं कधी पडली होती का? तर म्हणाले, आमच्याकडं असलं होत नाही! आणि वैशाखात... आजी, एकाच दारात दोन नवरदेव! दोन बँड! दोन्हीकडचे आचारी एका चुलीवरून भांडतायत! दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, 'बाई, ते तारखांचं काय म्हणत होतीस?'"

"आणि तू कोणाची नात, सांगितलंस?"

"नाही! त्यांना अजून माहीत नाही."

मी म्हटलं, "मग हे कागदावर कुठं आहे?"

तिनं कागद उलगडला. म्हणाली, "कुठल्या बाजूला लिहू?"

"आणि ते आठ? ते कुठल्या बाजूला लिहिणार?"

गप्प. ही पोरगी गप्प! पाळण्यापासून पहिल्यांदा!

आता तुम्ही हसताय. हसा! पण वृषालीला एकटीला हसू नका. वर्गणी मागायला जाता तेव्हा बरोबर कोणाला घेऊन जाता हो, कमिटीवाले? ज्याला कोणी नाही म्हणणार नाही, त्यालाच ना? आणि सासूबाई, तुम्ही! सुनेला विचारता, "चालेल ना गं तुला?" — आणि विचारताना अख्ख्या दारात उभ्या! ती काय म्हणणार, चालणार नाही? आज घरी गेलात की एवढंच बघा, तुमच्या घरात तुम्हाला 'नाही' म्हणायची मुभा कोणाकोणाला आहे. एकालाही नसेल, तर तुम्हाला मिळालेले सगळे 'हो' परत एकदा तपासून घ्या!

अण्णा, पेटी थांबवा. झालं आख्यान. आता निकाल.

वृषाली! ऊठ. मान वर कर, सगळे आपलेच आहेत. उद्या सोमवार, उद्या तुला उत्तर द्यायचंय. ऐक. नोकरी वाईट नाही. साठ फोन कर, पन्नास शिव्या खा, एक तारखेला शून्यावर ये, मला त्याची फिकीर नाही. तुझ्यात ते आहे, पलूसच्या माणसानं मला दाखवलंय. पण तुझा आकडा नऊ नाही. एक आहे! आठही जणांना विचारायचं — 'नको असेल तर नको म्हणा, मी परत घेते.' आणि नको म्हणाले तर तोंड पाडायचं नाही, 'बरं' म्हणायचं. जेवढे राहतील तेवढे सरांना सांगायचे. त्या आकड्यावर त्यांनी घेतलं, तर सही कर, पेढे मी वाटीन. नाही घेतलं, तर तो एक आकडा घेऊन दुसरं दार वाजव.

आणि सुरुवात आत्ता. मारुतराव, उठा, बाहेर चपलांपाशी जाऊन उभे राहा. इथं नको! इथं माझ्यासमोर तुम्ही परत हो म्हणाल! वृषे, तो कागद दे अण्णांकडं, त्यांची पेटी एका कोपऱ्याला हलते, खाली घालतील. आणि जा. माझं नाव इथंच ठेवून जा. परत आलीस की मला फक्त एवढं सांग, ते काय म्हणाले. तोवर कीर्तन थांबलंय.