बकुळाबाईंची तांबडी पावले

अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, परळच्या या इस्पितळातील सेवकवर्ग आणि सभ्य श्रोतेहो,

आत्ताच चिटणीसांनी सांगितले की, फाटकापासून बाळंतिणींच्या खोलीपर्यंत फरशीवर काढलेली तांबडी पावले ही आमच्या फलक-समितीची योजना होती आणि आज निवृत्त होणाऱ्या आया बकुळाबाई यांनी ती ‘आज्ञेनुसार’ रंगवली. हे असत्य आहे. शुद्ध मराठीसाठी समितीवर नेमलेला निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने सर्व काही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

इंग्रजी पाट्या उतरवून मराठी लावायच्या होत्या. बाहेर महाराष्ट्रासाठी माणसे लाठ्या खात होती. आत आम्ही चहा पीत ‘प्रसूतिकक्ष’ की ‘सूतिकागार’ यावर आठ महिने घालवले. इथे येणाऱ्या गिरणीकामगारांच्या बायकांपैकी कितीजणींना अक्षरओळख आहे, हे आमच्यापैकी एकाने तरी विचारले? बकुळाबाईंना ते विचारावे लागले नाही. त्यांनी गेरू कालवला आणि गौर घरात आणताना काढतात, तशी पावले उमटवली.

चिटणीस संतापले. “आयाबाई, हे इस्पितळ आहे, तुमचे माजघर नव्हे!”

“गौर वाट चुकणा नाय, साहेब,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हंय बायका चुकतत.”

आठवड्याने चिटणीसांनी पावले धुऊन टाकायला लावली. त्याच दुपारी चिंचपोकळीच्या सुंदराबाई वाट शोधत आमच्या सभेच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच फरशीवर बाळंत झाल्या. आतून कोणीतरी म्हणाले, “केवढा हा गोंगाट! दार लावा.”

ते मी म्हणालो. वाक्य निर्दोष होते. मला त्याची आजही शिसारी येते.

मूल बकुळाबाईंनी पदरात झेलले, म्हणून जगले. बक्षीस काय? सेवापुस्तकात शेरा: ‘इमारत विद्रूप केली.’ तो शेरा तसाच ठेवून आपण त्यांना शाल पांघरतो आहोत. किळस येते, महाशय.

ऐकून घेतल्याबद्दल आभारी आहे. कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. चिटणीसांची क्षमा मात्र मला नको. इतिवृत्तात तारखा अशा दुरुस्त कराव्यात:

पावले काढली: ४ फेब्रुवारी १९५७.
पावले धुतली, सुंदराबाई बाळंत झाल्या: ११ फेब्रुवारी.
शेरा लिहिला: १२ फेब्रुवारी.
तीच पावले तैलरंगात काढण्याचा समितीचा ठराव: २० मार्च.
शेरा खोडला: ३० एप्रिल १९५९. ही तारीख आजची आहे. सेवापुस्तक मी अध्यक्षांसमोर उघडून ठेवले आहे.