तिसावी चाल

विद्युल्लता : नाना, तुम्ही प्रत्येक मोहरा उचलायच्या आधी त्याच्या डोक्यावरून बोट फिरवता. आज मी मोजलं. शेवटच्या अकरा चाली, अकरा वेळा.

उमाशंकर : सवय आहे.

विद्युल्लता : दिवाळीत नव्हती.

उमाशंकर : धारहून दोन बसेस बदलून देवासला येतेस, ती बापाची बोटं मोजायला? कॉलेजातल्या पोरांची प्रॅक्टिकलं कमी पडतात का? वही धर. कुठवर आलो आपण?

विद्युल्लता : एकोणतीस चाली झाल्या. पांढरा राजा पुढे आलाय, काळाही मधे निघालाय. नाना, हे पान आता मलासुद्धा पाठ झालंय. दर रविवारी हाच डाव. एवढ्या मोठ्या मॅचमधले बाकीचे वीस डाव कुणी खेळलेच नाहीत का?

उमाशंकर : खेळले. पण शिकण्यासारखा हा एकविसावा. बहात्तर सालची जगज्जेतेपदाची मॅच, स्पास्की पांढरा, फिशर काळा. मी नववीत होतो. वाचनालयातल्या पेपरातून एकेक चाल उतरवून घेतली, टाइम संपला म्हणून त्यांनी दिवे मालवले तरी उठलो नाही. तर बघ. काळ्याकडे हत्ती. पांढऱ्याकडे उंट आणि डावीकडे दोन मोकळी प्यादी. त्याला जिंकायचं नव्हतंच. नुसता थांबला असता, राजा इकडचा तिकडे करत बसला असता, तरी बरोबरी पक्की.

विद्युल्लता : आणि तो थांबला नाही.

उमाशंकर : तिसावी चाल! राजाशेजारचं प्यादं, एकदम दोन घरं पुढे. कुणी सांगितलं होतं? प्यादं मागे घेता येत नाही, चिऊ. तिथून सगळं निसटत गेलं. डाव थांबवताना रिवाजाप्रमाणे एक्केचाळिसावी चाल पाकिटात बंद करून तो घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी खेळायलासुद्धा आला नाही. फोनवरच हार सांगितली.

अक्का : झाली का रे तुमची ती पोथी? पोहे आणलेत. चिऊ, तुझ्या ताटलीत जिरावन मसाला जास्त आहे. उमा, तुझा चहा ठेवलाय.

उमाशंकर : अक्का, पंचाहत्तरीला आलीस, जरा पाय न वाजवता येत जा. विचार तुटतो.

अक्का : थोरली बहीण आहे मी तुझी, मोलकरीण नाही. वाजवीन नाही तर नाचत येईन. आणि तो शेजारचा दीपेश विचारत होता, नाना भिया नाराज हैं क्या? समोरून हात केला, तर तू बिलकुल बघितलं नाहीस म्हणे.

उमाशंकर : उन्ह होतं डोळ्यांवर.

अक्का : संध्याकाळी सहाला?

विद्युल्लता : बरं नाना, आज असं करू. हात तुम्ही लावूच नका. तुम्ही सांगा, मोहरे मी हलवते.

उमाशंकर : का?

विद्युल्लता : बोटांना सुट्टी.

उमाशंकर : हलव. तिसावी. ते प्यादं, दोन घरं.

विद्युल्लता : हं. आता पट नीट बघा आणि मला समजावून सांगा. नेमकं काय बिघडलं?

उमाशंकर : अगं, उघड तर आहे. हे बघ, कसं एकटं पुढे येऊन उभं राहिलंय. काळा आता त्याच्या अंगावर आपलं प्यादं घालणार. मारलं तरी पंचाईत, नाही मारलं तरी पंचाईत.

विद्युल्लता : कोणतं एकटं उभं राहिलंय?

उमाशंकर : हे काय, समोर. पांढरं.

विद्युल्लता : नाना, ते पटावर नाहीये. ते माझ्या मुठीत आहे.

(कप बशीवर ठेवल्याचा आवाज.)

उमाशंकर : हे बरं नाही केलंस.

विद्युल्लता : नाही. पण सरळ विचारलं तेव्हा तुम्ही सवय म्हणालात.

उमाशंकर : प्रेसमध्ये तीस वर्षं छपाई तपासली मी. केसाएवढी रेघ सरकली तर माझ्या टेबलावरून कागद पुढे जायचा नाही. आणि तू मला...

अक्का : त्या पोरीवर का चिडतोस? मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. कपाचा कान तुझ्या उजव्या हाताकडे कोण वळवून ठेवतं रोज? आपोआप वळतो वाटतं?

उमाशंकर : तू बोलली नाहीस.

अक्का : तू बोलला नाहीस म्हणून. दोघं मिळून एकमेकांना फसवत होतो, बरं चाललं होतं.

विद्युल्लता : देवीच्या टेकरीवरचे दिवे दिसतात?

उमाशंकर : दिसतात. एकाचे चार. रोज दिवाळी.

विद्युल्लता : डॉक्टरीणबाईंनी चैत्रात सांगितलं होतं, मोतीबिंदू काढून घ्या. तुम्ही म्हणालात, पावसाळा होऊ दे. मग म्हणालात, दिवाळी होऊ दे. आता मकरसंक्रांत आली.

उमाशंकर : घाई कशाची? घरातलं सगळं पाठ आहे मला. पट पाठ आहे. थांबलं की काही बिघडत नाही, हेच तर दर रविवारी सांगतोय तुला.

विद्युल्लता : मला नाही सांगत आहात. आई गेल्यावरच हा डाव निघाला, नाना. चार वर्षं तुम्ही ही तिसावी चाल खेळताय.

अक्का : चिऊ, हळू गं.

उमाशंकर : बोलू दे तिला. डॉक्टर म्हणाले होते, इंदूबाईंचं ऑपरेशन महिनाभर थांबलं तरी चालेल, आता केलं तर अधिक चांगलं. इंदूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करून टाकू. दोन शब्द, आणि सही. पेनसुद्धा माझ्याच खिशातलं. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन आलो ते... तुला माहीत आहे.

विद्युल्लता : तुमची चूक नव्हती हे मला सिद्ध करता येणार नाही. मी तिचे सगळे रिपोर्ट वाचलेत, दोनदा. चूक होती हे तुम्हालाही सिद्ध करता येणार नाही. थांबली असती तर काय झालं असतं, तो डाव कुणी खेळलाच नाही.

उमाशंकर : मग?

विद्युल्लता : मग या पटावरचं बघा. स्पास्कीनं थांबायला हवं होतं, मान्य. पण का? थांबल्यानं त्याचं काही कमी होत नव्हतं. दहा चाली थांबला असता तरी जसा होता तसाच राहिला असता. तुमचं तसं नाही. बाई म्हणाल्या, मोतीबिंदू फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकते, आणि ती परत येत नाही. मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. तुम्ही थांबलेले नाही आहात, नाना. रोज एकेक प्यादं देताय.

उमाशंकर : ...हे आधी का नाही सांगितलंस?

विद्युल्लता : तीन रविवार संमतीचा कागद पर्समध्ये घेऊन येते आहे. तुम्ही पट मांडता, आणि माझी हिंमत होत नाही. मलाही भीती वाटते. आईच्या वेळी मी तुमच्याशेजारीच उभी होते. मीसुद्धा हो म्हटलं होतं, हे तुम्ही विसरलात.

उमाशंकर : तू हो म्हटलं होतंस?

विद्युल्लता : तुमच्या आधी.

उमाशंकर : इकडे ये. जवळ. वेडी कुठली... चार वर्षं एकटीच घेऊन बसलीस?

विद्युल्लता : तुम्हीही एकटेच होतात की.

अक्का : पोहे थंड झाले दोघांचे. मी काही गरम करणार नाही.

उमाशंकर : अक्का, तू रडतेयस.

अक्का : तुला कुठून दिसलं?

उमाशंकर : कान शाबूत आहेत. चिऊ, ते प्यादं दे माझ्या हातात. कुठून उचललं होतंस?

विद्युल्लता : त्याच्याच घरातून. राजाच्या शेजारून.

उमाशंकर : हे ठेवलं परत तिथेच. हा डाव आता वहीत ठेव. पुढच्या रविवारी दुसरा मांडू, मला पाठ नसलेला. कधीची तारीख आहे?

विद्युल्लता : तुम्ही हो म्हणाल तर बुधवारची. इंदूरला. मी सुट्टी टाकलीय.

अक्का : मीपण येणार. पाय वाजवत.

उमाशंकर : करून टाकू, चिऊ. कागद काढ, आणि सही कुठे करायची तिथे माझं बोट टेकव.