हा उपास न्हाय

न्हाय हो आक्का, कावीळ न्हाय. कावीळ असती तर बरं झालं असतं, औषध तरी म्हाईत असतंय. माझी लेक जेवत न्हाय, एवढाच तिचा आजार. ती बघा, दारातनं दिसती, खिडकीकडं तोंड करून पडलीया न्हवं, तीच. त्रिशला. अठरावं लागलंय तिला. तुमाला बारा वर्साची वाटली? सगळ्यास्नी तसंच वाटतंय.

आमी चिकोडीकडचे, जैन. घरात जुंधळा हाय, दुभतं हाय — खायाला काय कमी? भादव्यात पर्युषणात पोरीनं उपास धरला, सगळं पर्व नुसत्या पाण्यावर काढलं. देवळात बायकांनी तिचे पाय धरले, आमच्या ह्यांनी गावाला जेवण घातलं. पर्व सरलं, सगळी जेवली — ही न्हाय. आधी मीठ सोडलं, मग तूप, मग भाकरी. मी म्हटलं, लेक पुण्यवान निघाली. मग गावात एक माताजी, आमच्या साध्वी, आल्या. त्यांनी तिचं मनगट हातात धरलं, लई वेळ धरलं, आणि मला म्हणाल्या, “राजमती, लागलेली भूक आवरली तर उपास. हिला भूकच उरली न्हाय. हे व्रत न्हाय, दुखणं हाय. बेळगावला ने.” म्हणून हितं ह्या दवाखान्यात आलो.

थोरल्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारावं? तर — पोरगी चालती का? चालती म्हणजे काय, आक्का — हाडं वर आली, पण दिवसभर माळवदावर ह्या टोकाकडनं त्या टोकाला. बस म्हटलं तर बसायची न्हाय. डॉक्टर म्हणाले, फार पूर्वी माणसं रानात हिंडून खायची. दुष्काळ पडला की मुक्काम हलवाया लागायचा. तवा काहींची भूकच बंद व्हायची आणि पायात बळ यायचं — ती पुढं जाऊन अन्न हुडकायची, मागची जगायची. ती खोड अजून काहींच्या रक्तात ऱ्हाइली असंल, असा त्यांचा आपला अंदाज — खात्री न्हाय म्हणाले. मला पटलं. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या दारावरनं माणसं जायची, त्यातल्या एका बाईला मी भाकरी दिली. तिनं ती पदरात बांधली, तोंडात न्हाय घातली, तशीच चालत गेली. पटलं, आणि खरं सांगू का — जीव हलका झाला. रक्तातलं म्हटल्यावर घरात कोण दोषी न्हाय.

धाकट्या डॉक्टरीण बाई मातुर म्हणाल्या, “रक्तात काय का असंना, आत्ताच का उठलं? पोरीच्या हातात तिचं सोताचं म्हणून काय हाय? नुसतं तोंड. ते तिनं मिटलं.” आणि मला विचारलं, घरात काय घडलंय का? मी म्हटलं, काय न्हाय.

घडायचं काय? निपाणीच्या कॉलेजात जायची, ते ह्यांनी बंद केलं — सोयरीक जुळली म्हणून. निपाणीचंच, तंबाकूच्या वखारीचं घराणं हाय. मुलगा — म्हणजे मुलगाच म्हणायचं, पस्तिशीचा हाय, पहिली बायको वारलीया. माणसं चांगली हायत. श्रावणात साखरपुडा झाला, भादव्यात हिनं उपास धरला... व्हय, लगीच. पुढं तिची पाळी थांबली. वखारवाल्यांच्या कानावर गेलं. त्यांनी सांगून धाडलं, पोरगी सुधारू द्या, मग तारीख धरू. तो निरोप आला तवा त्रिशला चुलीपाशी होती. हसली, आक्का. लई दिसांनी हसली. ह्यांनी बघितलं न्हाय. मी बघितलं.

हितं आल्यापास्नं जरा फरक पडला. काल माझ्या हातानं पेज प्याली. वजन वाढलं. मी आनंदानं ह्यांना सांगितलं, तर हे तसेच उठून एसटी धरून निपाणीला गेले — तारीख धराया. सकाळी तिला ते कळलं. मी पेज घेऊन गेले तर माझ्याकडं बघितलं, रागानं न्हाय, आणि म्हणाली, “आई, जेवले तर तुमी मला त्या घरात देणार. न्हाय जेवले तर मरणार. तूच सांग, तोंड उघडू का नको?” पेज ह्या डब्यात तशीच हाय. गार झाली. मी भाईर येऊन हितं बसले, ते तुमाला सांगत बसलीया — कशाला सांगितलं कुणास ठाऊक. असं बघू नका माझ्याकडं. मी आई हाय तिची.

ते बघा, हे फाटकातनं आलेच. पांढरी टोपी, हातात पेढ्याचा पुडा. म्हणजे तारीख धरली.

न्हाय आक्का, आता काय विचारू नका, उठा तुमी. डॉक्टरीण बाई अजून त्यांच्या खोलीत हायत. ह्यांच्या आधी मला तिथं पोचाया पायजे, घरात काय घडलंय ते सांगाया. सरका. वाट द्या मला.