मासिनाला फेतू व्हायचं नाही

सिएनी : हा झगा धर तुझा. धुऊन, इस्त्री करून आणलाय. आजपासून माझी मासिना तुमच्या अंगणात खेळायला येणार नाही, रेपेका.

रेपेका : किती बेतशीर बसला होता हो तिला, वन्सं.

सिएनी : बसणारच. दोघी एका मापाच्या. मुलांच्या सणाच्या रविवारी चर्चमध्ये घालायला तू फेतूसाठी शिवलास, आणि त्याआधीच ताप पोरीला घेऊन गेला. मला का कळत नाही? माझ्याच भावाची लेक ती. पण म्हणून तो माझ्या पोरीच्या अंगावर चढवायचा?

रेपेका : माझा इओनेच म्हणाला, फेतूला नवा झगा पाहिजे. खेळच तर होता. आपल्या सामोआत कुठलं पोर दारातल्या थडग्यावर खेळत नाही? तुम्हीसुद्धा आजोबांच्या थडग्यावर भातुकली मांडत होता म्हणे.

सिएनी : मांडत होते. आजोबांना जेवायला वाढायची मी. आजोबा होत नव्हते.

रेपेका : तो 'फेतू' म्हणून हाक मारतो, ती 'ओ' देते. मी खिडकीत बसून ऐकते. तेवढीच माझी संध्याकाळ निभते, वन्सं.

सिएनी : तुझी निभते गं. माझी पोर काल पुढ्यातलं ताट सोडून मला विचारते, "आई, मला फरशीखाली कधी ठेवणार?"

रेपेका : असं म्हणाली?

सिएनी : असंच म्हणाली. अगं, सगळी पोरं एका साच्यातली नसतात. तुझा इओने प्रार्थनेचा शंख वाजला की खेळ जागच्या जागी टाकून कोको मागायला आत पळतो. माझी एकदा शिरली की शिरलीच. मागे कोंबडी झाली होती, तर दिवसभर खाली वाकून तोंडानं भात टिपत होती. तेव्हा हसलो आपण. आता हसू येत नाही.

रेपेका : तिला घाबरवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं हो.

सिएनी : ते का मला सांगायला हवं?

रेपेका : पण मग इओनेनं काय करायचं? बहिणीवाचून एक घास खाल्ला नाही कधी त्यानं. त्या खेळावर तर तगलाय तो.

सिएनी : कशावर तगलाय ते मासिनानं सांगितलं मला. काल ही म्हणाली, मला नाही फेतू व्हायचं. तर त्यानं आपल्या वाटणीचा पाव तिच्या हातावर ठेवला. म्हणाला, "थोडा वेळ तरी हो ना. फेतू असली की आई खिडकीत येते."

(रेपेका झगा बाजूला ठेवते.)

रेपेका : आत्ता कुठे आहे तो?

सिएनी : तिथंच, थडग्यावर. मासिना येत नाही म्हटल्यावर आता स्वतःच फेतू झालाय. बारीक आवाज काढून आपला आपल्याशीच बोलतोय. बोलाव त्याला.

रेपेका : नाही जमत मला.

सिएनी : पोटच्या पोराला हाक मारायला काय जमायचंय?

रेपेका : दोघांना एका दमात हाक मारायची मी. 'इओने-फेतू, जेवायला चला.' आता त्याचं एकट्याचं नाव घ्यायला गेले की जीभ आपसूक पुढं धावते. म्हणून ती गेल्यापासून त्याला हाकच मारलेली नाही. काही सांगायचं झालं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावते.

सिएनी : मार आज. धावली जीभ तर धावू दे. मी आहे इथं.

रेपेका : इओने.

सिएनी : ऐकलं त्यानं. उठला बघ.

रेपेका : मग येत का नाही?

सिएनी : थांबलाय. तू दुसरं नाव घेशील म्हणून वाट बघतोय.