ए-फ्रेमवरची झोळी

सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी माझी पोरगी झोपली अन् गावाचं काम थांबलं. तिला दात येत होते, दोन दिवस तिचा डोळा लागला नव्हता. अकोटजवळच्या आमच्या टेकडीवर पाणी अडवायले चर खोदायचे होते. तिथं झोळी बांधायले एक झाड नाही, अन् खाली ठेवावं तर विंचवाची भीती. मग मी चराची रेघ आखायच्या दोन्ही लाकडी चौकटी, त्यायले सगळे ए-फ्रेम म्हणतात, उभ्या केल्या. त्यांच्यावर बांबू टाकून झोळी बांधली.

पाणलोट समितीचे अध्यक्ष वासुदेवभाऊ आले. "आखणी कावून थांबली?"

"हळू बोला, भाऊ. आत्ताच झोपली."

"अवं, मंग उचल ना तिले."

माझ्या जाऊबाईनं कुदळ खाली ठेवली. "तुमीच उचला. रडली तर दिवसभर तुमीच सांभाळा. आमी चाललो घरी."

सगळ्या बाया उठल्या. भाऊंनी गावातून बांबू आणून नवी फ्रेम बांधली.

तेवढ्यात आखणीचं प्रशिक्षण देणारे सर आले. झोळीकडं पाहून म्हणाले, "हे कोणतं यंत्र?"

"याच्यानं बाया कामावर टिकतात, सर," भाऊ कुजबुजले.

आता उद्या आणखी पाच जणी लेकरं घेऊन येतो म्हणतात. तेवढं सगळ्यायले सांगजा, येताना झोळीसाठी आपापले बांबू आणा.