सुचवणाऱ्याचं नाव

नाही, ती खुर्ची नको – म्हणजे बस रे, राडिम, कंपनीनं तुलाच दिलीय, पण ती क्वेताची. होती. नाव ऐकलं असशीलच, अख्ख्या ब्रनोनं ऐकलंय – हो, तीच, जिच्या कोडमधल्या बदलामुळे गिऱ्हाइकांचे सर्व्हर धडाधड कोसळले, तीच. राजीनामा देऊन गेली. बदलावर नाव तिचंच ना, आणि कर्नलच्या जाहीर कोडमध्ये एकदा लागलेलं नाव पुसता येत नाही.

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हर-प्रोग्राममधलं एक कुलूप काढलं होतं तिनं, एवढंच. कार्डानं डेटाचं पाकीट पाठवलं की ते रांगेत चिठ्ठी टाकतं – गेलं म्हणून; आपला ड्रायव्हर ती उचलतो नि पाकिटाची जागा मोकळी करतो. उचलायला एका वेळी एकच प्रोसेसर येतो – मग कुलूप कशाला, उगाच वेग खातं? पटतंय ना? मान हलवू नकोस, तीही अशीच हलवायची. नाही, खोटं बोललो – तिनं विचारलं होतं. खाली खानावळीत, गुलाश खाताना: “बोहुमीर, मशीन मरायला टेकलं की शेवटचे शब्द नेटवर्कवरून पाठवतं, तेव्हा दुसरा प्रोसेसर थेट रांगेत हात घालतो ना?” दोघांनी एकच चिठ्ठी उचलली, तर एकच जागा दोनदा मोकळी – मग खेळ खलास. मी म्हटलं, ते वापरतं कोण? जेव तू. असलं जाहीर चर्चेत विचारायचं, आमची रीतच आहे. पण चारचौघांत मला म्हाताऱ्याला कशाला अडचणीत आणा, म्हणून तिनं जेवताना विचारलं. जेवताना बोललेलं कुठं राहतं?

कल्पना कुणाची? माझी. तिनं बदलाखाली लिहिलंही होतं – सुचवलं: बोहुमीर. मीच काढायला लावलं. म्हटलं, पोरी, श्रेय तुझं, मला या वयात काय करायचंय नावाचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे म्हणाले, काय मोठं मन – मोठं मन कसलं, कुलूप काढणं बरोबर याची मलाच खात्री नव्हती. ... हे तुला कशाला सांगतोय मी?

आता दुरुस्ती मीच लिहिलीय, कुलूप परत लावलंय. चूक कुणाच्या बदलानं झाली तेही त्यात लिहावं लागतं – लिहिलं, तिच्या. ती गेली तरी तपासायला तिलाच पाठवली, तो ड्रायव्हर दुसऱ्या कुणाला कळतो? सकाळी उत्तर आलं: तपासलं, बरोबर आहे. खाली तिचं नाव. एक शब्द जास्त नाही.

काय? नाही, अजून चढवलेली नाही. हो, माझ्या नावाची एक ओळ घालता येईल त्यात. ठाऊक आहे मला, कुठं घालायची तेही ठाऊक आहे – तू जा, जेवून ये. आणि ती खुर्ची राहू दे, खिडकीपाशी दुसरी आहे.