गव्हाणीचं माप

ताई : दार उघडायला एवढा वेळ? तेवढ्यात मी एक बाळंतपण उरकलं असतं.

सुतार : सुईणीचं काम सोडून सात वर्षं झाली तुला, ताई. आता कुणाचं उरकणार?

ताई : तुझंच करावं लागेलसं दिसतंय. तोंड बघ, नववा महिना लागल्यासारखं. सरक बाजूला. आणि हे काय, रविवारी सकाळी रंधा?

सुतार : टेबलाची ऑर्डर आहे.

ताई : टेबल काही पळून जात नव्हतं. आज आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमध्ये तुझी जागा रिकामी. फादरांनी विचारलं, मी म्हटलं सर्दी झालीय त्याला. तुझ्यापायी वेदीपासून चार पावलांवर उभी राहून खोटं बोलले.

सुतार : खरं सांगायचंस मग. यायचं नव्हतं म्हणून.

ताई : ते त्यांना कळलंच. म्हणून तर सर्दीवर काय घेतोय ते विचारलं नाही. हे धर. चार मेणबत्त्या. क्रम आठवतोय, का तोही वहिनीच सांभाळायची?

सुतार : दर रविवारी एक. तीन जांभळ्या, आणि तिसऱ्या रविवारी गुलाबी. चौथी लागली की नाताळ आलाच. लहानपणापासून बघतोय, मला नको शिकवू.

ताई : शहाणा. मग आता फळीवरचा नाताळचा गोठा खाली काढ. मेंढरांवरची धूळ मी पुसते. गव्हाण मध्ये ठेवू, रिकामी, आणि नाताळपर्यंत—

सुतार : यंदा गोठा मांडायचा नाही.

ताई : का?

सुतार : गव्हाण नाहीये.

ताई : नाहीये म्हणजे? उंदरांनी नेली?

सुतार : जाळली मी.

ताई : कधी?

सुतार : मार्चमध्ये. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी. शेगडीत घातली.

ताई : बरी पेटली का?

सुतार : ताई!

ताई : विचारते आपलं. सागवानाची होती. तूच केलेली, लग्नाच्या वर्षी.

सुतार : पेटली. चहा केला तिच्यावर. घशाखाली उतरला नाही.

ताई : हं.

सुतार : ओरड ना. ओरडायला आलीस ना?

ताई : मेणबत्त्या द्यायला आले होते. बोल तू. आठ-नऊ महिने दात आवळून बसलायस.

सुतार : काय बोलू? गेल्या वर्षी याच दिवसांत ती त्या आतल्या खोलीत पडून होती. चार रविवार मी चार मेणबत्त्या लावल्या आणि चारही वेळा एकच मागितलं. ये, आणि हिला वाचव. जगाचा तारणारा म्हणतात ना त्याला? मग एका घराचं काय एवढं जड होतं? मेणबत्त्या जळून गेल्या. फेब्रुवारीत ती गेली. आता पुन्हा त्याच चार मेणबत्त्या घेऊन तू दारात उभी. कशाला लावू?

ताई : मीही तेच मागितलं होतं.

सुतार : मग?

ताई : मग काय. मलाही राग आला. महिनाभर बोलले नाही.

सुतार : तू? महिनाभर? न बोलता?

ताई : त्याच्याशी म्हटलं रे. बाकी सगळ्यांशी बोलले.

सुतार : तरीच.

ताई : हसलास. बघ, हसलास.

सुतार : नाही हसलो. आणि गव्हाण असती तरी काय उपयोग? तिच्यात ठेवायचं मातीचं बाळ कुठाय? नाताळ संपला की तीच ते कुठंतरी लपवायची. कुठे, ते मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नाही. म्हणायची, बाळ आधीच दिसलं तर वाट कसली बघायची? नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुठूनतरी घेऊन यायची आणि ठेवायची. आता तीच नाही. सगळं घर उलटंपालटं केलं मी.

ताई : तुला तर गोठा मांडायचाच नव्हता. मग कधी शोधलंस?

सुतार : परवा.

ताई : परवा! मग स्वारी वाट बघतेय की.

सुतार : शोधत होतो. वाट बघत नव्हतो.

ताई : कुठेकुठे शोधलंस?

सुतार : कपाटं, ट्रंका, गाद्यांखाली. डाळींचे डबेसुद्धा पालथे घातले. अजून तीन डाळी एकत्र आहेत.

ताई : सापडायचं नव्हतंच. माझ्याकडे आहे ते.

सुतार : काय?

ताई : जानेवारीत दिलं तिनं. रुमालात बांधून. म्हणाली, ताई, माझ्यामागे हा रागाच्या भरात काहीतरी मोडणार. लाकडाचं मोडलं तर पुन्हा करील, हात आहेत त्याला. मातीचं फुटलं तर फुटलं. तेवढं बाळ तुमच्याकडे ठेवा.

सुतार : असं म्हणाली?

ताई : शब्दन् शब्द. सगळ्या जगाला तारणारा तो, आणि त्याला तारलं कुणी? वहिनीनं. तेही कुणापासून? तुझ्यापासून.

सुतार : दे मग इकडे.

ताई : अं हं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी. आणि तेही गव्हाण झाली असेल तर. मी कुणाचंही बाळ नुसत्या फरशीवर ठेवत नाही.

सुतार : माप तरी दे.

ताई : चाळीस वर्षं बघितलंयस. आठवून कर. मधे दाखवायचं नाही, हा तिचा नियम आहे, माझा नव्हे. भांडायचं तर तिच्याशी भांड.

सुतार : ताई, नाही गं होणार. वाट बघायची ताकदच उरली नाही माझ्यात.

ताई : वाट बघणं म्हणजे काय बसून राहणं वाटतं तुला? जन्मभर मी तेच काम केलं. बाईला कळा सुरू झाल्या की नवरा बाहेर बसून नखं खातो, त्याला वाटतं आपण वाट बघतोय. मी आत पाणी तापवते, फडकी उकळते, दिवा जवळ ओढते. येणारा त्याच्या वेळेनं येतो, माझ्या घाईनं नाही. पण तो आला आणि पाणी गार असलं, तर ती चूक माझी.

सुतार : आणि आलेला राहिलाच नाही तर?

ताई : झालंय तसंही. अकरा वेळा. अकराही घरांची दारं आठवतात मला, रंगांसकट. पण बाराव्या घरी गेले तेव्हाही आधी पाणीच ठेवायला सांगितलं.

सुतार : कसं जमलं तुला?

ताई : जमलं कुठे? रडत रडत तापवलं. चल, काडेपेटी आण. पहिली लावू, मग तुझं ते टेबल चाटत बस.

*

ताई : आज तिसरा रविवार, आणि ही गुलाबी मेणबत्ती अर्धी कशी रे?

सुतार : मंगळवारी लाइट गेली. अंधारात हाताला लागली ती लावली.

ताई : तारणाऱ्यासाठी आणलेली मेणबत्ती फ्यूज शोधायला वापरलीस?

सुतार : फ्यूज लगेच सापडला. नंतर कामाला वापरली.

ताई : कसलं काम? टेबल तर गेल्या आठवड्यात पोचतं केलंस. गिऱ्हाईकाची बायको भेटली होती मला. एक पाय डुगडुगतो म्हणत होती.

सुतार : फरशी वाकडी आहे त्यांची.

ताई : हो, टेबल सरळच असणार. बरं, एक सांग. आज चर्चमध्ये शेवटच्या बाकावर खांबाआड कोण लपलं होतं?

सुतार : लपलं नव्हतं कुणी. तिथे वारा लागतो.

ताई : सर्दीवाल्याला वारा लागतो! फादर म्हणाले, तुमच्या भावाची सर्दी उतरलेली दिसतेय. मी म्हटलं, उतरतेय हळूहळू, नाक अजून लाल आहे.

सुतार : तू ना, ताई, गावभर—

ताई : काय मागितलंस?

सुतार : काही नाही.

ताई : माझ्याशी खोटं?

सुतार : खरंच, मागितलं काही नाही. धीर होत नाही आता मागायचा. नुसतं म्हटलं, यायचं तर ये. मी काम काढलंय.

ताई : हं. बरं म्हटलंस. त्या कापडाखाली काय आहे?

सुतार : हात नको लावू!

ताई : बघू तरी. एवढंसं कोपऱ्यावरून.

सुतार : अं हं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी. मधे दाखवायची नाही.

ताई : हा कुणाचा नियम?

सुतार : माझा. भांडायचं तर माझ्याशी भांड.

*

ताई : आली बाबा एकदाची ती संध्याकाळ. चारही मेणबत्त्या लाव. ती गुलाबी बुटकी पुढे ठेव, तिला दिसत नाही मागून. मेंढरं नीट. आता काढ ते कापड.

सुतार : तू आधी रुमाल काढ.

ताई : हा बघ, काढला. आता कापड.

सुतार : हे घे.

ताई : अरे देवा.

सुतार : काय झालं?

ताई : यात जुळी झोपतील. तिळी झोपतील! पाय पसरून! बाळ माझ्या तळहाताएवढं रे. हा रुमाल बघ केवढासा आहे.

सुतार : एवढंसंच होतं?

ताई : चाळीस वर्षं काय बघत होतास? दाराच्या चौकटीत केसाची फट राहिली तर रात्रभर झोपत नाहीस, आणि इथे? मोजली होतीस ना?

सुतार : तीनदा मोजली.

ताई : कशावरून?

सुतार : राहू दे. तासभर दे मला, बाजू कापून लहान करतो.

ताई : कशावरून मोजलीस ते सांग आधी.

सुतार : बाळ मी कधी नीट बघितलंच नाही गं.

ताई : म्हणजे?

सुतार : ती यायची ना, ती अशी यायची. दोन्ही हातांत झाकून. पाखरू धरल्यासारखं. मी तिच्या हातांकडेच बघायचो. ठेवून बाजूला झाली की शेजारीपाजारी यायचे, चहा व्हायचा, राहूनच जायचं. यंदा आठवायला बसलो, डोळे मिटून, चार दिवस. बाळ काही केल्या आठवेना. हात आठवले. दोन्ही. अंगठ्यावरच्या भाजल्याच्या डागासकट. त्यांचं माप आहे हे.

(ताई गव्हाणीच्या कडेवरून बोट फिरवते.)

सुतार : ताई? चुकलं ना माप?

ताई : नाही. माप बरोबर आहे.

सुतार : आता तर म्हणालीस तिळी झोपतील.

ताई : मी काय, काहीही म्हणते. खबरदार त्या करवतीला हात लावलास तर. गवत थोडं जास्त घालू, झालं.

सुतार : ती काही परत यायची नाही.

ताई : नाही.

सुतार : गेल्या वर्षी मी मागितलं ते मिळालं नाही. ते आजही कबूल नाही मला.

ताई : मलाही नाही. पण एक तुला सांगायचं राहिलं होतं. त्याच जानेवारीत मी तिला विचारलं, वहिनी, तुम्ही काय मागता? म्हणाली, माझं राहू दे. त्याला सांभाळायला कुणीतरी येऊ दे, एकटा पडला तर लाकडाशी बोलत बसेल. तू तिच्यासाठी मागत होतास आणि ती तुझ्यासाठी.

सुतार : हे आता सांगतेस?

ताई : आधी सांगितलं असतं तर तेही शेगडीत घातलं असतंस.

सुतार : घातलं असतं.

ताई : डोळे पूस. सर्दी उलटली म्हणतील लोक.

सुतार : तो येतो असं वाटतं तुला? खरंखरं सांग. मला धीर द्यायला नको.

ताई : मी सुईण रे. तारीख मला कधीच सांगता आली नाही, दिवस भरलेल्या बाईलासुद्धा. मी आपलं एवढंच बघते, पाणी तापलंय का. तुझं तापलंय. हा धर रुमाल.

सुतार : ही गाठ तिची?

ताई : तिचीच. मी सोडली नाही.

सुतार : तू ठेव बाळ. बाईमाणसानं ठेवायचं असतं आपल्याकडे.

ताई : आपल्याकडे म्हणजे तुझ्याकडे आणि वहिनीकडे. आता तू आहेस. ठेव. थांब! आधी हात धू. सरस लागलाय बोटांना.

सुतार : धुतले.

ताई : पूस. हं. सोड गाठ. हळू.

सुतार : सुटली.

ताई : आता डावा हात खाली घे. मान सांभाळ.

सुतार : ताई, मातीचं आहे गं.

ताई : असू दे. मान सांभाळ.